सोलापुरात नवीन स्कीम होतात, पण रस्ते-ड्रेनेजचा खर्च बिल्डरकडून का घेत नाहीत?

घेतात की! महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये 1992 साली विकास शुल्काची तरतूद आली. बांधकाम परवानगीच्या वेळी महापालिका ते वसूल करते, आणि ते वेगळ्या विकास निधीत ठेवून सार्वजनिक सुविधांवरच खर्चायचं असतं. शिवाय 0.4 हेक्टरपेक्षा मोठ्या लेआउटमध्ये साधारण 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आतले रस्ते विकासकानेच करायचे.

अडचण लेआउटच्या बाहेर. उजनीहून येणारी पाइपलाइन, मलनिस्सारणाची मुख्य वाहिनी हे एका स्कीमच्या शुल्कात बसत नाही. 1992 च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागांना या अडचणीबद्दल विचारा! बिल्डर विकास शुल्काची रक्कम फ्लॅटच्या दरातच धरतो, म्हणजे शेवटी खिसा आपलाच. मग त्या निधीतून आपल्या भागात काय झालं, ते माहिती अधिकारात जरूर विचारा.