‘हेबियस कॉर्पस’ म्हणजे काय?

प्रश्न : ताब्यात घेतलेल्या माणसाचा ठावठिकाणा लागत नसेल, तर ‘हेबियस कॉर्पस’ याचिका करतात असे वाचले. याचा अर्थ काय आणि ती कोणी करायची?

उत्तर : ‘देह तुझ्या ताब्यात असावा’ असा या लॅटिन शब्दांचा अर्थ आहे. इंग्लंडमध्ये कैद्याला न्यायालयापुढे आणण्याचा जो हुकूम तुरुंगाधिकाऱ्याला निघे, त्यातील हे शब्द पुढे त्या हुकमाचेच नाव झाले आणि १६७९ च्या कायद्याने त्याला बळकटी आली. आपल्याकडे अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च, तर २२६ खाली उच्च न्यायालय हा आदेश काढते. डांबलेला माणूस स्वतः येऊ शकत नसल्याने नातेवाइकाला किंवा मित्रालाही अर्ज करता येतो. डांबणारी व्यक्ती खासगी असली तरी चालते.

आणीबाणीत मात्र, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी हा दरवाजा बंद केला. एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले, आणि माझ्या मते तेच त्या निकालातले वाचण्याजोगे पान आहे. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल रद्द ठरवणाऱ्या घटनापीठातील प्रमुख निकालपत्र त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.