साखरपुड्यात अक्षता नकोत

न्यू जर्सीच्या एका वहिनींचं पत्र आहे. मुलगा तिकडचा नागरिक, मुलगी सोलापूरची, ओळख ऑनलाइन. त्या लिहितात, “चौदा महिने रोज व्हिडिओ कॉल चाललेत. दिवाळीत तो तिला पहिल्यांदाच भेटेल. जुळे सोलापुरात हॉल घेतलाय, तीनशे पानं. साखरपुडाच असा करू की लग्नाची हौस फिटावी! मग फियान्से व्हिसावर तिला आणून लग्न इकडे.”

वहिनी, मुलाचं जमलं, आनंद आहे. पण लग्नाची हौस साखरपुड्यात फेडू नका. के-1, म्हणजे हाच फियान्से व्हिसा, लग्न न झालेल्यांनाच मिळतो. तुमचे फोटो वकिलातीतला अधिकारी बघणार. मुंडावळ्या, गळ्यात हार, डोक्यावर अक्षता दिसल्या की तो विचारणार, लग्न झालंय का? शंका फिटली नाही तर अर्ज परत अमेरिकेला जातो आणि महिने वाया जातात. अक्षता म्हणजे काय हे सोलापूरकरांना मी काय सांगू! जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं, तेही संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकूनच.

तेव्हा कुंकू, साडी, ओटी, साखरेचा पुडा, अंगठ्या, बस्स. अंतरपाट, मंगलाष्टका, हार, मंगळसूत्र नको. भटजींना आदल्या दिवशीच सांगा, नाहीतर ते सवयीने सुरू होतात. डेकोरेटरवरही लक्ष ठेवा. मागच्या पडद्यावर दोन नावांच्या मधे तो ‘वेड्स’ची सोनेरी अक्षरं हमखास टाचतो. आमच्या पुतणीच्या वेळी मी स्टुलावर चढून ती उपटलीत.

मंगळसूत्राशिवाय चैन पडणार नसेल, तर सरळ सोलापुरातच लग्न लावा, नोंदणी करा आणि पत्नीसाठीचा आय-130 हा अर्ज भरा. तोही चांगला रस्ता आहे. दोन्हींची खिचडी मात्र नको.

दुसरं, चौदा महिन्यांचे कॉल प्रत्यक्ष भेट म्हणून धरत नाहीत. आय-129एफ, म्हणजे फियान्से व्हिसासाठीचा अर्ज, भरण्याआधीच्या 2 वर्षांत दोघं समोरासमोर भेटलेले हवेत. म्हणून अर्ज दिवाळीनंतरच. बोर्डिंग पास, पासपोर्टवरचा शिक्का, मुंबई-सोलापूर गाडीचं तिकीट, हॉलची पावती, दोन्ही घरच्यांसोबतचे फोटो, सगळं एका फायलीत. या अर्जाची मंजुरी साधारण 4 महिने टिकते, तेवढ्यात मुलीचा पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखतीची तयारी. ती अमेरिकेत उतरल्यापासून 90 दिवसांत लग्न, आणि तेही याच मुलाशी. मुदत वाढत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत तिकडे हॉलला आगाऊ रक्कम देऊ नका.

आणि हे काय लिहिलंय, “नातेवाइकांना आम्ही आत्याच्या ओळखीतलं स्थळ असंच सांगतोय”? पाहुण्यांना काय हवं ते सांगा. अर्जात आणि मुलाखतीत ओळख कशी झाली हे खरंच सांगायचं. मुलगी आत्याचं नाव घेईल, अर्जात ऑनलाइन असेल, मग बसा निस्तरत. लाजायचं काय त्यात? आमच्या घरातली दोन लग्नं फोनवरच जमलीत.

पत्रिकेचं विचारलंत. चौदा महिन्यांनी आता कसले गुण जुळवताय?

शेंगा चटणी मुलीला खुशाल आणू द्या. कोरडी, सीलबंद, आणि विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून आधीच सांगायचं.