भूल उतरताना भाऊ खवळला होता, आता नाकाचं ऑपरेशन आहे

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा. दोन वर्षांमागं बेळगावात त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, ऑपरेशन नीट झालं पण भूल उतरताना त्यानं असा दंगा घातला की काय सांगू, सलाईन उपसलं, वॉर्डबॉयला लाथ घातली, उठून पळायला बघत होता, चौघांनी धरला तेव्हा कुठं. पंधरा-वीस मिनिटांत शांत झाला आणि त्याला काहीच आठवत नाही. आजी म्हणते बाहेरचं लागलंय, उतारा पण टाकून झाला. आता नाकाचा पडदा वाकडा म्हणून परत पूर्ण भूल देणार आहेत. परत तसंच होणार काय? सिगारेट ओढतो, शनिवार-रविवार घेतो पण, आणि डॉक्टरना सांगू नको म्हणतोय.
– एक बहीण, निपाणी

उत्तर : ताई, आजींचा उतारा झाला ते झालं, त्यानं नुकसान काही नाही, पण हे बाहेरचं नव्हे. भूल एकदम उतरत नाही, तुकड्यातुकड्यानं उतरते, म्हणजे दुखणं कळायला लागतं, घशातली नळी टोचायला लागते, पण आपण कुठं आहोत आणि हे कोण धरायलेत ते अजून कळत नसतं, मग माणूस जीव वाचवायला झटापट करतो. तरण्या पुरुषांत हे जास्त दिसतं, बिडी-सिगारेटवाल्यांत पण. एकदा झालं म्हणजे परत होईलच असं नाही. पण खरं सांगायचं तर नाकाचं ऑपरेशन यात सगळ्यात बदनाम आहे, कारण शुद्धीवर येताना दोन्ही नाकपुड्या पॅकिंगनं, म्हणजे आत भरलेल्या बोळ्यांनी, बंद, अर्धवट भानात त्याला वाटतं कुणीतरी नाक दाबून मारायलंय!

म्हणून आजपासून एक काम त्याच्याकडनं करून घ्या. रोज दोन-तीन वेळा चिमटीत नाक धरून पाच मिनिटं नुसत्या तोंडानं श्वास घ्यायचा, टीव्ही बघत घेऊ दे, हसू दे, पण करू दे. आणि त्याला आधीच चार वेळा सांगा, जागा होशील तेव्हा नाक बंद असणार, तोंडानं श्वास घ्यायचा, घाबरायचं नाही. फुकटचा उपाय आहे, आणि नेमका हाच कुणी सांगत नाही. कानाघशाच्या डॉक्टरना एवढं विचारून ठेवा की पॅकिंग लागणारच काय, कारण काही जण हल्ली पडद्याला आतून टाके घालून किंवा पातळ पट्ट्या ठेवून भागवतात.

दुसरं, ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासतात तेव्हा नुसती फिटनेसची सही घेऊन पळू नका, मागच्या वेळचा सगळा किस्सा सांगा, जुनी फाईल असली तर न्या. त्यांच्या हातात बरंच असतं. सेव्होफ्लुरेनसारख्या गॅसवर ठेवण्यापेक्षा प्रोपोफॉल, ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन, शिरेतनं चालू ठेवून भूल दिली तर उठताना दंगा कमी होतो. डेक्समेडेटोमिडीन म्हणून एक औषध आहे, ते हळूहळू चालू ठेवलं तर माणूस शांतपणे जागा होतो, फक्त नाडी आणि बीपी उतरू शकतं म्हणून बघत राहावं लागतं. भूल उतरायच्या आधीच दुखण्याचं औषध पोचलेलं पाहिजे. लघवीची नळी गरज नसताना घालू नये, आतला फुगा मूत्राशयाला टोचत राहतो आणि माणूस लघवीला जायचं म्हणून उठायला बघतो, गड्यांना हा त्रास जास्त. कुठलं औषध द्यायचं ते मात्र त्यांना ठरवू दे, इथं वाचून चिठ्ठी करून नेऊ नका.

एवढं करूनही खवळला तर आधी ऑक्सिजन, शुगर, दुखणं, तुंबलेली लघवी आणि स्नायू ढिले करायचं औषध पूर्ण उतरलं का ते बघतात, हातपाय बांधणं हा पहिला उपाय नव्हे.

आता दारूचं. शनिवार-रविवारचं गणित तपासणीत नेहमी कमीच सांगतात, तीस वर्षं ऐकतोय. रोज घेणाऱ्यानं अचानक बंद केलं तर सहा तासांपासून दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, भ्रम, फिट काहीही होऊ शकतं, आणि मग ते भुलीमुळं झालं की दारू तुटल्यामुळं तेच कळत नाही. तुमच्यासमोर लाजत असला तर तुम्ही बाहेर थांबा, त्याला एकट्याला डॉक्टरशी बोलू दे. सिगारेट आजच बंद, चार आठवडे मिळाले तर छातीलाही चांगलं.

प्रश्न : आई 74 वर्षांची, खुब्याचं ऑपरेशन आहे. कानाला मशीन आहे. तिला फक्त मराठी येतं आणि तिथल्या सिस्टर कन्नड बोलतात. ती घाबरंल काय?
– खानापूर तालुक्यातला वाचक

उत्तर : घाबरू शकते, म्हणून आधीच सांगून ठेवा. ऐकायचं मशीन आणि चष्मा डबीत घालून, वर नाव लिहून रिकव्हरीच्या सिस्टरकडं द्या, शुद्धीवर आल्याआल्या लावायला सांगा. आमच्या भागात निम्म्या सिस्टरना मराठी कळतं, मराठी बोलणारी कोण आहे ते विचारा, नाहीतर घरातल्या एकाला आत सोडा म्हणून विनंती करा. खुब्याला कमरेखालची भूल चालती काय तेही विचारा. म्हाताऱ्या माणसांचा ऑपरेशननंतरचा भ्रम वेगळा असतो, पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतो, रात्री वाढतो, आणि दरवेळी दंगाच होतो असं नाही, नुसतं गप्प पडून राहणं, जेवण न मागणं हेही त्यातलंच, तेव्हा दमली असंल म्हणून सोडून देऊ नका, सिस्टरना सांगा. झोपेची गोळी मनानं देऊ नका.