‘ताय’ला शेतसारा म्हणावं का?

प्रश्न असा आहे : क्रांतीपूर्व फ्रान्सच्या इतिहासात ‘ताय’ नावाचा कर वारंवार येतो. भाषांतर करताना त्याला ‘शेतसारा’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. सारा जमिनीवर बसतो. दक्षिणेकडे लांगदोक, प्रोव्हान्समध्ये ताय तसा जमिनीवर होता, तिथे ‘सारा’ चालून जाईल. उरलेल्या बहुतेक फ्रान्समध्ये मात्र तो माणसाच्या ऐपतीवर बसे, आणि ऐपत धरली जाई ती वरवर दिसेल तेवढ्यावरून. सरदार आणि पाद्री यांना माफी. दरबारात वर्षाची एकूण रक्कम ठरे, ती वाटत वाटत गावापर्यंत येई, आणि कोणाच्या माथी किती मारायची हे गावातलेच नेमलेले वसुलीदार ठरवत. तूट आली तर त्यांच्याच मानगुटीवर. आपल्याकडे ‘गावावर पट्टी बसवली’ म्हणतात, त्याच्या हे जास्त जवळ आहे.

रूसोने तरुणपणचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. पायी ल्योंकडे जाताना वाट चुकून, भुकेजून तो एका शेतकऱ्याच्या घरी गेला. शेतकऱ्याने साय काढलेलं दूध आणि जवाची जाडीभरडी भाकरी पुढे ठेवली. पाहुणा हेर नाही अशी खात्री पटल्यावर त्याने स्वयंपाकघराशेजारची झडप उघडली आणि खालून गव्हाचा पाव, हॅम, वाइनची बाटली वर आणली. वाइन लपवायची ती दारूवरच्या जकातीसाठी, पाव लपवायचा तो तायसाठी. आपण उपाशी मरत नाही असा नुसता संशय आला तरी आपण बुडालो, असं तो म्हणाला. इथे ‘शेतसारा’ घालून पाहा, प्रसंगाचा अर्थच लागत नाही. सारा चुकवायला कोणी पाव कशाला लपवेल?

म्हणून मी पहिल्या उल्लेखात ‘ताय, म्हणजे ऐपतपट्टी’ असं लिहीन आणि पुढे नुसतं ‘ताय’. ‘डोईपट्टी’ इथे वापरू नये. तो शब्द १६९५ साली सुरू झालेल्या ‘कापितासियाँ’साठी राखून ठेवावा.

‘कोर्व्हे’साठी मात्र ‘वेठ’ चपखल बसतो. शेतकऱ्याने बैलगाडीसह सरकारी रस्त्यावर फुकट राबायचं, ही वेठच. १७७६ साली अर्थमंत्री त्युर्गोने ती रद्द केली, पण त्याचं मंत्रिपद गेलं आणि त्याच वर्षी ती परत आली. ‘गाबेल’ला नुसतं ‘मिठावरचा कर’ म्हणणं अपुरं आहे, कारण उत्तरेकडच्या मोठ्या टापूत सरकारी कोठारातून ठरावीक मीठ दरसाल घ्यावंच लागे. तिथे ‘सक्तीची मीठखरेदी’ असं स्पष्ट लिहावं.