आपोआप सुटणारा क्लीट: ठेवायचा की काढायचा?

प्रश्न: माझा मुलगा नोकरीनिमित्त ब्रिस्बेनला असतो. त्याने आणि त्याच्या मित्राने मिळून ११ मीटरची जुनी शिडाची कॅटामरान घेतलीये. आधीच्या मालकाने त्यावर एक यंत्र बसवलंय, बोट ठरलेल्या कोनापेक्षा जास्त कलली की मोठ्या शिडाचा दोर आपोआप सुटतो आणि बोट उलटत नाही म्हणे. मुलगा म्हणतो गंजलंय, काढून टाकतो. मला शिडातलं काही कळत नाही पण रात्री झोप लागत नाही. असं यंत्र खरंच वाचवतं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: मुलाला आजच फोन करा आणि सांगा, काढू नकोस, आधी उघडून बघ. पण त्याच फोनवर हेही सांगा की त्याच्या भरवशावर एक वीतभरही शीड जास्त ठेवायचं नाही. दोन्ही का ते जरा सविस्तर सांगतो, कारण काळजी नुसत्या ‘होईल सगळं ठीक’ने जात नाही, नेमकं काय होतं ते कळलं की जाते.

साधी एका हलची, म्हणजे पाण्यात बसणाऱ्या एकाच सांगाड्याची, शिडाची बोट असते तिच्या तळाला शिसं किंवा लोखंड भरलेला कील असतो. वारा आला की ती कलते, आणि जितकी कलते तितकं ते वजन बाजूला सरकून तिला परत सरळ करायला जोर लावतं, शिवाय शीड आडवं झालं की वारा वरून निसटून जातो. म्हणजे ती आधी भरपूर कुरकुरते, चहाचे कप पडतात, माणसं घाबरतात, शीड कमी करायला वेळ मिळतो. कॅटामरानचं, म्हणजे दोन हल शेजारी जोडलेल्या बोटीचं, तसं नाही. तिला वजनदार कील नसतोच, ती उभी राहते फक्त रुंदीच्या जोरावर. तुमच्या मुलाच्या बोटीसारखी बोट धरू, वजन ८ टन, दोन हलच्या मधोमध अंतर ५.५ मीटर. तिला सरळ ठेवणारा जास्तीत जास्त जोर म्हणजे वजन गुणिले निम्मं अंतर, २२ टन-मीटर, आणि हा जोर मिळतो तो वाऱ्याकडचा हल पाण्यातून नुकताच सुटतो त्या क्षणी. अर्धा मीटर तो वर, अर्धा मीटर दुसरा खाली, मध्ये साडेपाच मीटर, हिशोब केला तर साधारण १० अंश. बस्स, दहा अंश. त्याच्यापुढे जोर कमी कमी होत जातो पण वारा काही कमी होत नाही. त्यामुळे जिथे कीलवाली बोट नुसती कुरकुरायला लागते तिथे कॅटामरानची सगळी शिल्लक संपलेली असते. आणि एकदा पालथी पडली की उलटीच स्थिर राहते, समुद्रात ती परत सरळ करणं जवळजवळ अशक्य.

आता यात वाऱ्याचं गणित घाला. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वीस नॉटचा वारा अठ्ठावीस झाला तर ऐकायला आठच वाढले, पण जोर दुप्पट. ढगाखालून येणारा एक झपाटा एवढं सहज करतो, तेही काही सेकंदांत, आणि तेव्हा माणूस आत चहा करत असतो किंवा ऑटोपायलट लावून डुलकी घेत असतो. म्हणूनच १९६०-७० च्या सुमारास, घरगुती कॅटामरान आणि तीन हलच्या ट्रायमरान समुद्रात जायला लागल्या आणि उलटायलाही लागल्या, तेव्हा लोकांनी हे यंत्र काढलं. झोपलेल्या माणसाच्या जागी हात घालणारं यंत्र, एवढीच त्याची कल्पना आहे.

आतून ते फार साधं असतं. शिडाचा बूम, म्हणजे खालची आडवी काठी, आवरून धरणारा दोर, ज्याला सगळे शीट म्हणतात, तो एका दातेरी क्लीटमध्ये, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या पकडीत, अडकवलेला असतो. हा क्लीट पक्का न बसवता बिजागरीवर बसवतात, स्प्रिंगने ताणून एका खटक्यावर अडकवतात. खटका ओढायला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक, आणि सोलेनॉइडला वीज द्यायला एक कोन ओळखणारा स्विच, जुन्यात लंबक किंवा पाऱ्याची काचेची नळी, नव्यात इलेक्ट्रॉनिक सेन्सर. कोन ओलांडला, सर्किट जुळलं, खटका सुटला, क्लीट उडाला, शीट मोकळी झाली, शिडातला वारा निघून गेला, हल खाली. समुद्राशर्यतीतल्या आत्ताच्या मोठ्या फ्रेंच ट्रायमरानवर हेच काम कॉम्प्युटर करतो, कोनाबरोबर दोरांवरचा ताणही बघतो.

तर मग हे फसतं कुठे? चार ठिकाणी, आणि पहिलं ठिकाण मी स्वतः अनुभवलंय.

मुंबईच्या बंदरात मी डिंगी, म्हणजे छोटी शिडाची बोट, चालवायला शिकत होतो तेव्हा आमच्या सरांचं एकच वाक्य असायचं, शीट हातात धर, क्लीटमध्ये अडकवू नकोस. मी हात दुखतो म्हणून अडकवली. झपाटा आला, बोट कलली, मी काठावर मागे झुकलेला. दाते असलेला क्लीट सोडवायला दोर वरच्या बाजूला झटकून ओढावा लागतो, पण बोट कललेली, मी बाहेर आणि खाली, माझ्या हाताची ओढ नेमकी त्या दात्यांमध्ये आणखी घट्ट बसवणारी. दोर तारेसारखा ताणलेला, बोटांना त्याची थरथर लागत होती, आणि तो सुटला नाही. आम्ही पाण्यात. सेंटरबोर्डवर, म्हणजे तळातून खाली निघणाऱ्या फळीवर, उभा राहून बोट सरळ करेपर्यंत दहा मिनिटं गेली असतील, खारं पाणी नाकात आणि डोक्यात एकच विचार, हा दोर माझ्या हातात असता तर. डिंगी होती म्हणून सरळ झाली. म्हणजे क्लीट उडाला तरी दोर धावला पाहिजे, हे पहिलं. मोठ्या बोटीवर शीटला विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चकरीवर, तीन-चार वेढे असतात, पुढे पुली, पुढे तिच्यावर कोणाची तरी पिशवी. वेढ्यांच्या घर्षणावरच दोर टांगून राहतो आणि यंत्र सुटूनही काही होत नाही. तुमच्या मुलाने यंत्राआधी हे बघावं, क्लीट सोडल्यावर दोर शेवटपर्यंत मोकळा जातो का, टोकाला गाठ मारलेली असेल तर ती वाटेत अडत नाही ना, आणि तो दोर कोणाच्या पायाभोवती फिरून जात नाही ना.

दुसरं म्हणजे लंबकाला कोन आणि लाटेचा धक्का यातला फरक कळत नाही. बोट आडवी झटका खाते तेव्हा लंबक झुकतो, कोन काहीच नसतो. मग विनाकारण सुटतं, दोनदा-तीनदा सुटलं की माणूस वैतागून बंद करून टाकतो, आणि मी सांगतो, अशी बंद केलेली यंत्रं चालू ठेवलेल्या यंत्रांपेक्षा कमी नसतील. धक्का गिळायला लंबक तेलात बुडवला तर तो हळू होतो, आणि जिथे दहा अंशात खेळ संपतो तिथे हळू म्हणजे उशीर.

तिसरं, वारा मागून असेल तर मुख्य शीट सोडून काही मिळत नाही. बूम आधीच बाहेर, डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांना टेकलेला, शीड अजून फुगलेलंच. तेव्हा धोका बाजूला उलटण्याचा नसतो, पुढचं टोक लाटेत घुसून बोट कोलांटी खाण्याचा असतो, आणि बाजूचा कोन मोजणाऱ्या स्विचला त्याचा पत्ताच नसतो. तिथे पुढचं शीड आधी उतरवलेलं असणं हाच उपाय.

चौथं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, काही वेळा वारा उलटवतच नाही, लाट उलटवते. १९८९ च्या जूनमध्ये न्यूझीलंडच्या पिक्टनहून टोंगाला निघालेली रोझ-नोएल नावाची ट्रायमरान ४ जूनला पहाटे एका मोठ्या लाटेने पालथी केली. शिडं उतरवलेली होती, बोट वाहू नये म्हणून पाण्यातलं पॅराशूट टाकलेलं होतं, सोडायला शीटच नव्हती. चार माणसं त्या उलट्या बोटीत ११९ दिवस राहिली, पावसाचं पाणी धरून, मासे धरून, आणि सप्टेंबरच्या शेवटी ग्रेट बॅरियर बेटाच्या किनाऱ्याला लागली, चौघंही जिवंत. लोकांनी आधी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. वजनी कील नसल्यामुळे ती उलटली तसंच त्यामुळेच बुडली नाही, हे विसरू नका. तुमच्या मुलाच्या बोटीलाही हेच लागू आहे, उलटली तरी ती बहुधा तरंगणार. म्हणून हलच्या तळातून बाहेर पडायची झडप आहे का, आणि पाणी, सिग्नल, बीकन (संकटाचा रेडिओ इशारा देणारं यंत्र) उलट्या स्थितीत हाताला लागतील अशा जागी बांधलेले आहेत का, हे मला त्या स्विचपेक्षाही जास्त विचारावंसं वाटतं.

आता व्यवहार. गंजलंय म्हणतो, तर स्प्रिंग आणि सोलेनॉइडचा गाभा बदलावा, खारी हवा आधी तिथेच खाते. पाऱ्याची नळी असेल तर ती काढून सीलबंद इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावावा, नळी फुटली तर पारा सगळ्या बोटीत पसरतो. रात्री निघण्याआधी हाताने स्विच वाकडा करून दाखवायचा, क्लीट उडतो का बघायचं, दर वेळी, ताणाखाली, रिकाम्या दोरावर नाही. आणि रीफ, म्हणजे शीड आखडणं, ते बोट कलायची वाट बघून करायचं नसतं, कारण कॅटामरान कलून सांगतच नाही. वाऱ्याचा आकडा बघून करायचं, आणि रात्री तर दिवसापेक्षा एक पायरी आधीच.

प्रश्न: नौदलाच्या मुली जिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या त्या आयएनएसव्ही तारिणी या शिडाच्या बोटीबद्दल आम्हाला फार अभिमान वाटतो, पण तिच्यावर असं यंत्र आहे असं कुठे वाचलं नाही. मग दक्षिण महासागरात त्या मुली कशाच्या आधारावर गेल्या?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: ताई, कीलच्या आधारावर. तारिणी आणि तिच्या आधीची म्हादेई, दोन्ही तुमच्या गोव्यातच बांधलेल्या, साधारण ५६ फुटी एका हलच्या बोटी. म्हादेईवर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. अशा बोटीला शीट सोडायला यंत्र लागत नाही, ती पडली तरी कीलचं वजन तिला परत ओढतं. आठवतं का, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अभिलाष टॉमी यांची थुरिया, तीही गोव्यात बांधलेली, दक्षिण हिंद महासागरात वादळात लाटेने आडवी पाडली. डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या मणक्याला जबर मार लागला, पण बोट परत सरळ झाली आणि तरंगत राहिली म्हणून तीन दिवसांनी ओसिरिस या मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या फ्रेंच गस्ती जहाजाला ते जिवंत सापडले. थुरिया ही सुहैलीच्या नमुन्यावर केलेली, आणि सुहैली तर आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली, जिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकटे, न थांबता पृथ्वीला फेरी मारून आले.

तसं बघितलं तर आपल्या किनाऱ्यावर उलटू नये म्हणून केलेली व्यवस्था फार जुनी आहे. देवगड-मालवणकडे अरुंद होडीला एका बाजूला लाकडी ओंडका बांधतात ती उलांडी. होडी त्या बाजूला कलली तर ओंडका तरंगून उचलतो, दुसऱ्या बाजूला कलली तर त्याचं वजन खाली ओढतं, एकाच लाकडाची दोन कामं, आणि गंजायला त्यात काही नाही. मला ती बघितली की हात लावल्याशिवाय राहवत नाही. मोठ्या गलबतात तळाला दगड भरत त्याला नीरम म्हणत, तारिणीच्या कीलमागचं कारणही तेच, फक्त वजन जास्त खोल नेलंय.

प्रश्न: मुलगी ९ वर्षांची, ऑप्टिमिस्टमध्ये, म्हणजे मुलांच्या छोट्या शिडाच्या बोटीत, शिकायला जाते. डोलकाठीच्या टोकाला हवेचा फुगा बांधतात तो लावू का?
— एक आई, मुंबई

उत्तर: ऑप्टिमिस्टला गरज नाही. तो फुगा बोट आडवी पडल्यावर पूर्ण पालथी होऊ नये म्हणून असतो, उलटणं तो थांबवत नाही, हॉबी कॅटसारख्या दोन हलच्या बोटीला त्याचा खरा उपयोग. ऑप्टिमिस्टच्या आत हवेच्या तीन पिशव्या असतात, त्या भरलेल्या आणि पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या आहेत का हे दर वेळी तुम्ही स्वतः दाबून बघा. लाइफ जॅकेट तिच्या वजनाचं हवं, मोठ्या भावाचं नाही. आणि पहिल्या महिन्यात तिला मुद्दाम चार-पाच वेळा बोट उलटवून सरळ करायला शिकवतात का ते विचारा, शिकवत नसतील तर सांगा शिकवायला.