वाचकांचे प्रश्न : ग्रंथालयातल्या वाचनगटात ज्यू साहित्य

या महिन्यात वडोदऱ्यातून आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : आमच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयात महिन्यातून एकदा आमचा बारा जणांचा गट जमतो. यंदा सहा महिने ज्यू साहित्य वाचायचं ठरलं आहे. अ‍ॅन फ्रँकच्या डायरीपासून सुरुवात करावी, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. ते बरोबर होईल का?
— एक वाचिका, दांडिया बाजार

उत्तर : नाझींपासून लपून राहिलेल्या या ज्यू मुलीची डायरी जरूर घ्या, पण तिसऱ्या महिन्यात. पहिलंच पुस्तक नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहाराचं घेतलं की पुढची सगळी पुस्तकं त्याच्याच सावलीत वाचली जातात. ज्यू माणूस म्हणजे बळी, एवढीच ओळख मनात पक्की होते. मग यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतले लेखक शोलेम अलेइखेम यांच्या कथांमधला तेव्ये दूधवाला मुलींच्या लग्नाची काळजी करता करता देवाशी हुज्जत घालतो, तिथेही हसायचं की नाही, असा संकोच वाटायला लागतो. आधी त्या समाजाचा संसार, देवधर्म, भांडणं आणि विनोद कळू द्या. काय नष्ट झालं, हे त्यानंतरच नीट कळतं.

पहिल्या बैठकीला यिडिश लेखक आय. एल. पेरेत्झ यांची बोंचेची कथा घ्या. ती 1894 सालची आहे. मोठ्याने वाचली तरी अर्ध्या तासात संपते, त्यामुळे घरून न वाचता आलेल्यांचीही अडचण होत नाही. इंग्रजी अनुवाद 1906 मध्येच पुस्तकात आला आणि आज तो इंटरनेटवर मोफत मिळतो.

बोंचे हमाल. जन्मभर लोकांनी त्याला लुबाडलं, पण त्याने अवाक्षर काढलं नाही. मेल्यावर स्वर्गात त्याचा न्याय होतो. फिर्यादीलाही त्याच्याविरुद्ध बोलायला काही सापडत नाही. न्यायाधीश म्हणतो, इथलं सगळं तुझंच आहे, हवं ते माग. बोंचे मागतो, रोज सकाळी एक गरम पाव आणि त्यावर ताजं लोणी. न्यायाधीश आणि देवदूत शरमेने माना खाली घालतात. फिर्यादी हसतो.

मराठी गटात ही कथा हमखास एका जागी अडते. संतचरित्रं ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना बोंचे निरिच्छ, जवळजवळ संतच वाटतो. दोघंतिघं तसं म्हणतात, बाकीचे माना डोलावतात आणि चर्चा दहा मिनिटांत आटपते. चर्चा चालवणाऱ्याने तेव्हा मत देऊ नये. शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावावा आणि एवढंच विचारावं : बोंचे संत असेल, तर देवदूतांना शरम कसली वाटते? फिर्यादी हसतो कशाला? अन्याय सोसून सोसून ज्याची मागण्याची ताकदच मेली आहे, असा माणूस तिथे दिसायला लागतो. पेरेत्झ वॉर्साचे, कामगार चळवळीच्या बाजूचे. बेकायदा ठरवलेल्या सभेला गेल्याबद्दल 1899 मध्ये त्यांना अटकही झाली होती. ही माहिती मात्र चर्चेनंतर सांगा. आधी सांगितली तर लोक कथा सोडून लेखकाचं चरित्रच बोलत बसतात.

दुसऱ्या महिन्यात आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांची गिंपेल या भोळ्या पाववाल्याची कथा घ्या. सगळं गाव त्याला फसवतं आणि तो विश्वास ठेवत राहतो. 1953 मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद सॉल बेलो यांनी केला. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं, बेलो यांना 1976 मध्ये आणि सिंगर यांना 1978 मध्ये. बोंचेचं गप्प राहणं आणि गिंपेलचं विश्वास ठेवणं एकच आहे का, या एका प्रश्नावर दीड तास कमी पडतो.

प्रश्न : आमच्यात कुणी मराठीतून वाचतं, कुणी गुजरातीतून, कुणी इंग्रजीतून. प्रतीही कमी. चर्चेत निम्मा वेळ पान शोधण्यातच जातो.
— एक ग्रंथालय सेवक, रावपुरा

उत्तर : प्रतींचा हिशेब आधी मांडा. पुस्तक पंधरा दिवसांसाठी दिलं जात असेल, तर एक प्रत महिन्यात दोघांनाच मिळते. बारा जणांना सहा प्रती लागतील. ग्रंथपालांना सांगून गटापुरती मुदत दहा दिवसांची केली, तर चार प्रतींत भागतं. आपल्या जुन्या बडोदा संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून उभ्या केलेल्या ग्रंथालय व्यवस्थेचा तो भाग होता. शहरातल्या दोनतीन गटांनी मिळून चार प्रतींची अशी एक पेटी आळीपाळीने फिरवली, तर खर्चही वाटला जाईल.

पानांचे आकडे विसरा. भाषा बदलली की पान बदलतंच. कथेत प्रसंग सांगा, कादंबरीत प्रकरण सांगा. अ‍ॅनच्या डायरीत तर नोंदींच्या तारखाच आहेत, 12 जून 1942 ते 1 ऑगस्ट 1944. ‘28 मार्च 1944 च्या पुढचं काढा’ म्हटलं की तिन्ही भाषांतले वाचक एकाच जागी येतात.

तरीही ‘माझ्या पुस्तकात हे नाहीच’ अशी तक्रार येईल, आणि ती खरी असेल. 1947 मध्ये वडील ओटो फ्रँक यांनी छापलेल्या आवृत्तीत बराच मजकूर गाळलेला होता. आईबद्दलचा राग, स्वतःच्या शरीराबद्दलचं कुतूहल, असा. इंग्रजीत 1995 मध्ये आलेल्या वाढीव आवृत्तीत सुमारे तीस टक्के मजकूर जास्त आहे. आपला अनुवाद कशावरून केला आहे, हे आरंभीच्या पानांवर पाहून आधीच कळवून टाका. यातूनच उत्तम चर्चा निघते. लोकांनी युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवावीत, असं आवाहन मार्च 1944 मध्ये लंडनहून डच रेडिओवर झालं. त्यानंतर अ‍ॅनने आपलीच डायरी छापण्याच्या हेतूने नव्याने लिहायला घेतली. ही मुलगी लेखिका म्हणून काम करत होती, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. जुन्या-नव्या आवृत्तींतली एकच नोंद शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : ग्रंथालयात ‘ज्यू साहित्य’ असं कपाटच सापडत नाही.
— एक विद्यार्थी, सयाजीगंज

उत्तर : सापडणारही नाही. ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई वर्गीकरणात साहित्य भाषेप्रमाणे लागतं. यिडिश 839.1 मध्ये, हिब्रू 892.4 मध्ये, अमेरिकन ज्यू कादंबरीकार 813 मध्ये, अ‍ॅन फ्रँक बहुधा इतिहासात 940.53 जवळ आणि धर्मविषयक पुस्तकं 296 मध्ये. लेखकाच्या नावाने शोधा. गटाचे सहा महिने संपेपर्यंत ही पुस्तकं एका वेगळ्या फळीवर मांडायची विनंती ग्रंथपालांना करा. एरवी कुणाच्या हाती न लागणारी पुस्तकं त्यामुळे घरी जायला लागतात.

प्रश्न : सगळं पोलंड-अमेरिकेचंच वाचायचं का? आपल्या जवळचं काही नाही?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आहे, आणि अगदी जवळचं आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथला ज्यू समाज, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत 1846 मध्ये छापली गेली. 1874 च्या पुण्यातल्या हग्गादेत सणाची बिनखमिरी भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात, जमिनीवर बसलेल्या दाखवल्या आहेत. इंटरनेटवर ते चित्र शोधून मोठं छापून आणा आणि बैठकीत फिरवा. 1880 च्या सुमारास या समाजात मराठी कीर्तनंही सुरू झाली. आख्यान अब्राहामाचं किंवा मोशेचं, ढंग आपल्या ओळखीचा.

इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सीम इझिकेल याच समाजातले. विंचू चावलेल्या आईवरची त्यांची कविता घ्या. इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेणाऱ्या दोघांपैकी ते एक, म्हणून जोडीला इंदिराबाईंची एखादी कविता ठेवा. पाचव्या महिन्यात अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचल’ घ्या. कोकणातल्या दांडा गावी ओस पडलेलं प्रार्थनास्थळ सांभाळणारी म्हातारी आणि त्या जागेवर डोळा असलेला बिल्डर, अशी ही कथा आहे. प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने सुरू होतं. या इंग्रजी कादंबरीला 2010 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

प्रश्न : मागच्या बैठकीत गोष्ट गाझा-इस्रायलवर गेली आणि दोन सभासद उठून गेले. विषयच बदलावा का?
— एक संयोजक, कारेलीबाग

उत्तर : विषय बदलू नका. हा प्रश्न लोकांच्या मनात आहे, त्यावर बंदी घातली तर तो चहाच्या वेळी जास्त कडवटपणे बाहेर येतो. बहुतेक वेळा हातातल्या पुस्तकावर बोलायला ठोस मुद्दा नसतो, म्हणूनच चर्चा बातम्यांकडे सरकते. प्रत्येकाने घरून एक उतारा खूण करून आणायचा आणि बोलायला सुरुवात त्या उताऱ्यापासूनच करायची, हा नियम करा. पेरेत्झ 1915 मध्ये वारले, तेव्हा इस्रायल हे राष्ट्रच नव्हतं. त्यांच्या हमालाला आजच्या सरकारचा जाब विचारण्यात अर्थ नाही. राजकारणावर बोलायची इच्छा असेल, तर त्यासाठी वेगळी बैठक ठेवा आणि तिथे पॅलेस्टिनी लेखकांचंही साहित्य वाचा. एकाच बाजूचं वाचून न्याय देणं गटाला शोभणार नाही.

प्रश्न : अहमदाबादहून बेने इस्राएल पाहुणे बोलवायचे आहेत. काय सांभाळावं?
— एक वाचिका, निझामपुरा

उत्तर : शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस असतो. तेव्हा रविवार सकाळ धरा. सणांच्या तारखा दरवर्षी सरकतात, कारण त्यांच्या पंचांगातही आपल्यासारखा अधिक मास असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. आधी विचारून घ्या. खायला फळं, सुका मेवा आणि चहा पुरे. मलिदा हवा असा आग्रह धरू नका. पोहे, खोबरं आणि फळांचा तो प्रसाद प्रार्थनेसह होतो. आणि पाहुण्यांना साऱ्या ज्यू जगाचे प्रवक्ते करू नका, त्यांच्या घरातली मराठी कशी होती ते विचारा. गटाने उलट भेट म्हणून अहमदाबादचं 1934 सालचं मागेन अब्राहम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहायला जायचं असेल, तर आधी परवानगी घ्या आणि पुरुषांनी डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल बरोबर ठेवावा.