'पुन्हा रुजू' की 'पुनर्नियुक्त'?

साडेतीन वर्षं दुसरीकडे काम करून एक बाई आपल्या जुन्या कंपनीत परत आल्या आहेत. सहकाऱ्यांना पाठवायच्या पत्रात ही गोष्ट एका वाक्यात सांगायची आहे. 'पुनरागमन', 'पुनर्नियुक्ती', 'घरवापसी' आणि 'परत जॉइन झाले' असं चार प्रकारे त्यांनी लिहून पाहिलं आणि चारही वेळा खोडलं. शिवाय अशा माणसाला इंग्रजीत 'बूमरँग एम्प्लॉयी' म्हणतात, त्याला मराठीत सुटसुटीत नाम आहे का, असंही त्यांनी विचारलं आहे.

'पुन्हा रुजू झाले' असं लिहा. हे मी निव्वळ सोय म्हणून सुचवत नाही. हा शब्द उलगडून पाहिला तर तुमचा प्रसंग त्यात आधीपासूनच आहे.

'रुजू' मूळचा अरबी. तिथे 'रुजूअ' म्हणजे परत फिरणं, माघारी वळणं. फारसीच्या वाटेनं तो आपल्या दफ्तरात आला. उर्दूत 'रुजू करना' म्हणजे एखाद्याकडे वळणं, हा अर्थ अजून शिल्लक आहे. मराठीत मात्र तो आणखी सरकला. एखाद्याकडे वळायचं म्हणजे त्याच्यासमोर यायचं आणि समोर आलेला माणूस म्हणजे हजर माणूस, अशा पायऱ्यांनी हे घडलं असावं असं मला वाटतं. आज 'कामावर रुजू झाला' म्हटलं की आपल्याला फक्त हजर होणं ऐकू येतं, परतणं ऐकू येत नाही. त्याच घराण्यातला 'रुजुवात' पाहा. नक्कल मुळाशी ताडून पाहणं, हिशेब पडताळणं म्हणजे रुजुवात. म्हणजे नजरेनं पुन्हा मूळ कागदाकडे जाणं! परतण्याचा अर्थ इथे अजून जिवंत आहे. तुम्ही जुन्या जागेवर रुजू होता तेव्हा तो शब्दही आपल्या जुन्या अर्थाकडे परत जातो, आणि मला ही जुळणी फार आवडते.

मग 'पुन्हा रुजू' यात परतणं दोनदा आलं का? व्युत्पत्तीच्या दृष्टीनं आलं, पण वापरात नाही. शब्दाचा अर्थ आजचे बोलणारे ठरवतात, आणि नुसतं 'रुजू झाले' लिहिलंत तर वाचणारे तुम्हाला नवीन समजतील. तेव्हा 'पुन्हा' हवाच.

दोन सारख्या आवाजाच्या शब्दांपासून 'रुजू'ला वेगळं ठेवा. बी रुजतं त्यातलं 'रुजणे' हे आपलं देशी क्रियापद, त्याचा याच्याशी संबंध नाही. नव्या जागी माणूस हळूहळू रुजतो म्हणून 'रुजू' म्हणतात, असं स्पष्टीकरण मी अनेकांकडून ऐकलं आहे. कल्पना गोड आहे, पण खरी नाही. दुसरा शब्द 'ऋजू', म्हणजे सरळ, सौम्य. स्वभाव ऋजू असतो, कामावर माणूस रुजू होतो. लिहिताना पहिला 'रु' ऱ्हस्व, शेवटचा 'जू' दीर्घ. 'रूजू' चूक.

आता तुमच्या जाण्याचा शब्दही पाहू, कारण परतण्याचा रंग त्यावर ठरतो. तुम्ही राजीनामा दिला होता. 'राजी' म्हणजे संमत, 'नामा' म्हणजे लेख. मुळात राजीनामा म्हणजे संमतिपत्र. हिंदीत आजही त्याचा अर्थ तडजोडीचा कागद असा होतो, नोकरी सोडण्याला तिकडे 'इस्तीफा' म्हणतात. मराठीनं मात्र नोकरी सोडण्याच्या कागदाला संमतीचं नाव दिलं. आपली 'रजा'देखील त्याच अरबी धातूची, मूळ अर्थ खुशी, परवानगी. थोडक्यात, राजीनामा देऊन गेलेला माणूस भाषेच्या हिशेबी राजीखुशीनं गेलेला असतो. त्याला परत यायला काही पुसून टाकावं लागत नाही.

'बडतर्फ' झालेल्याचं तसं नाही. फारसीतल्या 'बर-तरफ'चा अर्थ बाजूला सारलेला. त्याला परत आणायचं तर आधीचा हुकूम मागे घ्यावा लागतो, आणि म्हणून त्या परतण्याला कार्यालयीन मराठीत 'पुनःस्थापना' असा वेगळा शब्द आहे. हिंदीत यासाठी 'बहाली' आहे. 'ब-हाल' म्हणजे होत्या स्थितीत. आपण मात्र 'बहाल करणे' केवळ 'देऊन टाकणे' या अर्थानं वापरू लागलो आणि पूर्ववत करण्याची छटा हरवून बसलो. याची मला खरोखर हळहळ वाटते.

'पुनर्नियुक्ती' हा शब्द चुकीचा नाही, पण तुमच्या वाक्यात नको. एक तर सरकारी कामकाजात तो निवृत्त माणसाला पुन्हा कामावर घेण्यासाठी इतका रुळला आहे की वाचणाऱ्याला आधी तेच आठवेल. दुसरं म्हणजे नियुक्ती करणारा दुसरा असतो. कंपनीच्या आदेशात 'यांची पुनर्नियुक्ती करण्यात येत आहे' शोभेल. तुम्ही स्वतःविषयी लिहिताना क्रियापदाचा कर्ता तुम्हीच असायला हवं.

ही कर्त्याची बाब मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बोलताना आपण सहज म्हणतो, 'तिला परत घेतलं.' ऐकायला साधं, पण यात घेणारा मोठा होतो आणि येणारी उपकाराखाली जाते. संप मिटल्यावर 'कामगारांना कामावर परत घेतलं' म्हणतात, चौकशीतून सुटलेल्याला 'परत घेतलं' म्हणतात. तीच सावली तुमच्यावर पडते. याउलट 'ती परत तिथेच लागली' या वाक्यात कोणी कोणावर मेहेरबानी करत नाही. नोकरीला 'लागणे' हे घरगुती मराठीतलं फार चांगलं क्रियापद आहे. पत्रात ते थोडं सैल वाटेल, पण तोंडी सांगताना माझी पसंती त्यालाच.

'परत' आणि 'पुन्हा' यांत बोलताना आपण फरक करत नाही. लिहिताना करावा. 'पुन्हा' मोजतो, म्हणजे दुसऱ्यांदा. 'परत' मुख्यतः दिशा दाखवतो, म्हणजे मागे, मूळ ठिकाणी. बोलीत 'परत'नं 'पुन्हा'चं कामही उचललं आहे, त्यामुळे 'त्यांनी परत कंपनी बदलली' याचा अर्थ आणखी एकदा बदलली असा होतो, जुन्या कंपनीत आले असा नाही. म्हणून 'परत' वापरायचा तर येणे-जाणे या क्रियापदांबरोबर वापरा आणि रुजू होण्याबरोबर 'पुन्हा' ठेवा. 'माघारी येणे' काही बोलींत निव्वळ 'परत येणे' आहे, पण 'माघार घेणे' शेजारीच बसलेलं असल्यामुळे लेखी मराठीत हार मानल्याचा वास येतो. ते टाळलेलं बरं.

'पुनरागमन' खेळाडूंना आणि नटांना शोभतं, त्यात प्रेक्षक गृहीत आहेत. 'घरवापसी'वर धर्मांतराच्या वादाचं इतकं ओझं आहे की कामाच्या ठिकाणी तो शब्द नकोच. राहिला 'स्वगृही परतणे'. पक्षांतर केलेल्या नेत्यांमुळे तो बातम्यांत गुळगुळीत झाला आहे. एका सहकारी बाईंच्या स्वागताच्या मजकुरात मी तो प्रेमानं लिहिला होता. त्यांनी तो शांतपणे खोडायला लावला. म्हणाल्या, "मी घर सोडून गेले नव्हते, नोकरी सोडून गेले होते." त्यानंतर मी तो शब्द या अर्थानं कधी वापरलेला नाही. कंपनीला घर म्हटलं की जाणाऱ्याला आपोआप घर सोडल्याचा दोष लागतो, आणि तो लावण्याचा अधिकार शब्दाला नाही.

आता 'बूमरँग'. शब्द मूळचा ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषेतला, इंग्रजीतून आपल्याकडे आला. मराठीत तो आधीच दुसऱ्या कामावर आहे: 'डाव बूमरँग झाला' म्हणजे डाव करणाऱ्यावरच उलटला. त्यामुळे 'बूमरँग कर्मचारी' म्हटलं की कंपनीवर उलटलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. आणि मूळ उपमाही लंगडीच आहे. शिकारीसाठी वापरली जाणारी अनेक बूमरँगं परत येण्यासाठी घडवलेलीच नसतात. जी येतात त्यांना दुसऱ्यानं फेकलेलं असतं. तुम्ही गेलात स्वतःहून, आलात स्वतःहून.

एकशब्दी नाम मला सापडलेलं नाही, आणि ओढूनताणून घडवावं असं वाटतही नाही. 'पुनःप्रवेशित' वगैरे जोडकाम कोणाच्या तोंडी बसणार नाही. (विसर्गसंधीच्या नियमानं 'पुनःप्रवेश' बरोबर, 'पुनर्प्रवेश' नाही, हे जाता जाता.) यादीचं शीर्षक हवं असेल तर 'परतलेले कर्मचारी' पुरे. एक जोडी मात्र माझ्या मनात घोळते आहे. 'माजी' अरबीतून आला, अर्थ गेलेला. त्याच्या शेजारचा 'आजी' म्हणजे आजचा. 'आजी-माजी कर्मचारी' म्हणताना आपण दोन वेगळे गट एकत्र बोलावतो. तुम्ही एकट्याच दोन्ही आहात.

मधल्या साडेतीन वर्षांचा उल्लेख करायचा असेल तर 'सेवाखंड' हा शब्द सेवापुस्तकाला द्या, पत्रात 'मधली साडेतीन वर्षं' एवढंच लिहा. 'खंड' म्हटलं की काहीतरी तुटलं असं वाटतं, आणि त्या काळात तुम्ही काम करतच होतात.

तर पत्रातलं वाक्य असं करा: 'मधली साडेतीन वर्षं दुसरीकडे काम करून मी या सोमवारी आपल्या कंपनीत पुन्हा रुजू झाले.' 'आपल्या' राहू द्या. वाचणारे आणि लिहिणारी, दोघांनाही ते एकत्र घेतं, आणि 'तुमच्या कंपनीत' लिहिलं असतंत तर तुम्ही अजून दारातच उभ्या आहात असं वाटलं असतं.